कंबर आणि सायकल

ज्याला सायकलचा नाद आहे, तो आपली कंबर दुखते ही गोष्ट चारचौघांत सहसा बोलत नाही. बोलला की समोरून एकच सल्ला येतो, आणि तो कोणता हे त्याला आधीपासून ठाऊक असते. "अहो, मग सोडून द्या की ती सायकल!" घरची मंडळी हेच म्हणतात, शेजारी हेच म्हणतात, आणि ज्याने जन्मात सायकलवर टांग टाकली नाही तो तर हे फारच ठासून म्हणतो. मीही हा सल्ला ऐकला. नुसता ऐकला नाही, साडेसात महिने पाळला. सायकल गॅलरीत भिंतीला टेकवून वर जुनी चादर टाकली, आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली.

मी डॉक्टर नाही. बँकेच्या खुर्चीत पस्तीस वर्षे बसलेला, आता निवृत्त झालेला एक साधा मनुष्य आहे. परंतु ह्या एका दुखण्यापायी मला जे शिकावे लागले, जाणत्यांना विचारावे लागले आणि स्वतःच्या पाठीवर ताडून पाहावे लागले, ते तुम्हांला सांगावे असे वाटते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गॅलरीत अशीच एखादी सायकल चादरीखाली उभी असणार, अशी माझी खात्री आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात (आम्हां जुन्या लोकांच्या तोंडी अजून औरंगाबादच येते) सायकलवाल्याला मोह पडावा असा एक रस्ता आहे. पहाटे छावणीतून नगर नाक्याला यावे, पडेगाव, मिटमिटा मागे टाकावे, शरणापूरच्या पुढे उजाडता उजाडता दौलताबादचा किल्ला दिसू लागतो. तिथून घाट चढून खुलदाबाद, आणि पुढे उतरून वेरूळ. शहरापासून सुमारे तीस किलोमीटर. जाऊन येऊन साठ. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून मी बाकदार हँडलची, गिअरची, वजनाने हलकी अशी नवी सायकल घेतली आणि ह्या रस्त्याच्या अक्षरशः प्रेमात पडलो. कॉलेजात असताना माझ्याकडे काळी, उभ्या हँडलची, स्प्रिंगच्या रुंद सीटची सायकल होती. तिच्यावर मनुष्य खुर्चीत बसावा तसा ताठ बसतो. नवीवर मी धनुष्यासारखा वाकून बसू लागलो, आणि तसे बसण्यात मोठा रुबाब आहे असे मला वाटे.

कंबर एका दिवसात गेली नाही. अपघात झाला नाही, खड्ड्यात आपटलो नाही. आधी घाट उतरल्यावर कंबरेच्या खालच्या भागात बोथट दुखे. चहा घेईपर्यंत राही. मग ते दुपारपर्यंत टिकू लागले. मग सकाळी मोजा घालायला वाकणे जड झाले. आणि एका रविवारी खुलदाबादला चहाच्या गाडीपाशी सायकलवरून उतरायला गेलो तो अशी उसण भरली की मला सरळ उभे राहता येईना. दोघा अनोळखी माणसांनी धरून बाकावर बसवले. टेम्पोत सायकल आडवी आणि तिच्याशेजारी मी, असे घरी आलो. दारात सौभाग्यवतींनी एकदा माझ्याकडे व एकदा सायकलकडे पाहिले आणि म्हणाल्या, "झालं समाधान?"

पुढचे तीन आठवडे मी अंथरुणात काढले. खुलदाबादचा भद्रा मारुती तुम्हांला माहीत असेल. निजलेल्या स्थितीतली मारुतीची मूर्ती. श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसे रात्रभर चालत तिच्या दर्शनाला जातात. घरी आलेल्या एका मित्राने मला पाहून म्हटले, "दर्शन इथेच झालं म्हणायचं!" विनोद बरा होता, पण निजणे मारुतीरायाला शोभते, आपल्याला नाही. अमेरिकेत १९८६ साली कंबरदुखीच्या रोग्यांवर एक साधा प्रयोग झाला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितले, काहींना सात दिवस. दुखणे दोघांचे सारखेच उतरले; दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर गेले. मी एकवीस दिवस झोपलो. उठलो तेव्हा मांड्या लुळ्या पडल्या होत्या आणि जिना उतरताना कठडा धरावा लागत होता.

मधल्या काळात एका डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितले होते. अहवालात कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगली आहे, असे लिहून आले. झाले! 'गादी सरकली' हे दोन शब्द घरात शिरले आणि त्यांनी सगळ्यांची झोप उडवली. खाटेवरून गादी घसरावी तसे माझ्या पाठीत काहीतरी घसरले आहे, आणि जरा वाकलो की ते बाहेर पडेल, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी वाकायचेच सोडले. खाली पडलेला पेपर नातवाकडून उचलून घेऊ लागलो. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला होता, तो चोवीस तास बांधू लागलो. सायकल विकून टाका, हेही तिथेच ऐकले.

ह्या गादीविषयी खरी माहिती मला फार उशिरा मिळाली. मणक्यामधली गादी वरच्या आणि खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते; ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर, अशी तिची रचना. वय वाढते तशी ती थोडी वाळते, थोडी फुगते, जसे केस पिकतात. अमेरिकेतच १९९४ साली, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ लोकांचे एमआरआय काढून पाहिले, तर त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्र गणित मांडले गेले. न दुखणाऱ्या लोकांत, विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे माझ्या वयाचा मनुष्य त्या यंत्रात घातला की काहीतरी निघणारच! फोटो खोटा नसतो. पण फोटोत दिसले तेच दुखते आहे असे मात्र दर वेळी म्हणता येत नाही.

हे मला सांगितले ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी पट्टा बांधून, जपून पावले टाकीत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अहवाल वाचला, बाजूला ठेवला आणि विचारले,

"काका, सायकल कुठंय?"

"घरी आहे. विकायची आहे."

"विकायच्या आधी एकदा इथं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी सायकल हातात धरून चालत नेली. त्यांनी ती भिंतीला लागून उभी केली, मला वर बसवले आणि पायडल उलटे फिरवायला सांगून स्वतः माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. मिनिटभराने म्हणाल्या, "तुमची कंबर सीटवर झोके घेतेय. डावीकडे, उजवीकडे. सीट उंच कुणी केली?" मीच केली होती. सीट जितकी उंच तितका वेग, असे कोणीतरी सांगितले होते. सीट उंच असली की पाय तळाशी पोचावा म्हणून खुबा दर फेरीला त्या बाजूला खाली ओढला जातो. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या, आणि वेरूळला जाऊन यायला तीन-साडेतीन तास. हिशेब तुम्हीच करा.

सीटच्या उंचीची घरगुती कसोटी सोपी आहे. सायकल भिंतीला टेकवा, वर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण टाच पोचण्यासाठी कंबर कलायला नको. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, आणि तो तसा राहायला हवा. माझी सीट ह्या मापाने दोन बोटे वर निघाली.

दुसरी गोष्ट सीटच्या उताराची. माझ्या सीटचे पुढचे टोक किंचित वर होते. टोक वर असले की ओटीपोट मागे ढकलले जाते, आणि हँडल धरायला मनुष्याला कंबरेतूनच वाकावे लागते. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली हौशी सायकलवाल्यांच्या सीटचे टोक दहा ते पंधरा अंश खाली करून पाहिले, तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांची कंबरदुखी कमी झाली. एका पान्याचे काम! अर्थात मी एकदम पंधरा अंश केले नाही. फार खाली केले की मनुष्य पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. मी आधी टोक सपाट केले, आठवडाभर चालवून पाहिली, मग आणखी थोडे उतरवले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

तिसरे हँडल. हँडलला फ्रेमशी जोडणारा जो आखूड तुकडा असतो, ज्याला दुकानदार स्टेम म्हणतात, तो माझ्या सायकलचा लांब होता. तो बदलून आखूड घातला आणि हँडल दोन इंच वर घेतले. गावातल्या सायकलवाल्याने ते करताना म्हटले, "काका, आता शर्यतीची गाडी दिसत नाही बरं का ही." न दिसो.

आता वाकण्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आपण सगळे म्हणतो, 'कंबरेतून वाका'. बाईंनी मला खुब्यातून वाकायला शिकवले. घरातली एक लांब काठी घ्या. ती पाठीवर उभी अशी धरा की डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकेल. आता गुडघे जरासे सैल सोडून, ढुंगण मागे नेत वाका. तिन्हीपैकी एकाही ठिकाणी काठी सुटता कामा नये. पहिल्या दिवशी मला वीतभरही वाकता आले नाही. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या आणि काठी माकडहाडापासून निघाली. पंधरा दिवसांनी हँडल धरण्याइतके वाकता येऊ लागले. हेच सायकलवर करायचे. पाठीचा कणा धनुष्यासारखा न वाकवता ओटीपोटासकट पुढे कलायचे. सायकलवाल्यांच्या पाठीला यंत्रे बांधून जे अभ्यास झाले आहेत, त्यांत ज्यांची कंबर दुखते ते स्वार न दुखणाऱ्यांपेक्षा खालच्या कण्यात अधिक वाकलेले आढळले आहेत. आणि वाकून बसण्याने गादीवरचा दाब उभे राहण्यापेक्षा वाढतो, हे स्वीडनच्या नाकेमसन ह्या शल्यवैद्यांनी १९६०च्या दशकातच सुई घालून मोजून दाखवले होते. मी तर दिवसभर बँकेत वाकून बसलेला. त्यावर ही सायकलची वाकणावळ!

पहाटेचीही एक गोष्ट आहे. रात्री आपण आडवे असतो तेव्हा ह्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेली गादी वाकवली तर ताण जास्त येतो. मी काय करीत असे? पाच वाजता उठल्याबरोबर, अंग मोकळे व्हावे म्हणून पायाचे अंगठे धरायचे दहा वेळा, आणि लगेच सायकलवर. १९९८ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढेच सांगून पाहिले होते की सकाळी उठल्यावर पहिले काही तास कंबरेतून वाकू नका; त्यांचे दुखणे खरोखरच उतरले. मी अंगठे धरणे बंद केले. आता उठतो, घरात फिरतो, चहा करतो (ह्या निमित्ताने चहा माझ्याकडे आला तो कायमचा), दोन्ही हात कंबरेवर ठेवून सात-आठ वेळा मागे वाकतो आणि उठल्यावर तासाभराने निघतो. उजाडते जरा अलीकडच्या मुक्कामावर, एवढाच तोटा.

व्यायाम मी तीनच करतो. उताणे निजून, गुडघे मुडपून कंबर उचलायची, म्हणजे आपले सेतुबंधासन. हातागुडघ्यांवर होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवायचा, मग उलट. आणि कुशीवर होऊन कोपरावर अंग फळीसारखे धरायचे. प्रत्येक दहा मोजेपर्यंत, पाच-सहा वेळा. हेच तीन केले पाहिजेत असे नाही. कोणाला सूर्यनमस्कार जमतील, कोणाला पोहणे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दुखण्याची नीट माहिती, व्यायाम, मालिशसारखे काही उपचार, मनाची भीती काढण्याचे उपाय आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या यांना जागा आहे. कंबरेचा पट्टा आणि वजने लावून कंबर ताणणे यांची शिफारस केलेली नाही. पट्टा मी सोडला. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवसच, कारण वयस्क माणसाच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या बाधतात. त्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती, म्हणजे दर तेरांत एकाची. मोठाच गोतावळा आहे आपला!

सायकल पुन्हा सुरू केली ती पंधरा मिनिटांनी. घरापासून नगर नाका आणि परत. बाईंनी नियम घालून दिला होता. दुखणे शून्य ते दहा असे मोजायचे. चालवताना तीनपर्यंत गेले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या जागी आले पाहिजे. आले, तर पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवायची. न आले, तर तेवढेच ठेवायचे. मी वहीच घातली. बँकेतला मनुष्य; आकडे लिहिल्याशिवाय त्याला बरे वाटत नाही. दर वीस मिनिटांनी उतरायचे, मागे वाकायचे, पुन्हा बसायचे. शरणापूर चार महिन्यांनी गाठले, दौलताबाद सहा महिन्यांनी.

मध्ये एकदा मूर्खपणा केला. पावसाळ्यात म्हैसमाळ हिरवेगार झाले होते, बरोबरच्या तरुण मुलांनी "चला काका" म्हटले आणि मी गेलो. घाटात मोठ्या गिअरवर जोर लावीत चढलो, कारण लहान गिअर लावणे हा मला त्या मुलांसमोर कमीपणा वाटला. जड गिअरवर मांड्या थकतात, मांड्या थकल्या की कंबर वाकते, आणि मग सगळा जोर तिथेच येतो. चार दिवस पुन्हा उसण. पण ह्या वेळी झोपलो नाही. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे चाललो, शेक घेतला, पाचव्या दिवशी सायकलवर दहा मिनिटे बसलो आणि वहीत निम्म्या अंतरापासून पुन्हा आकडे मांडले. असे भडके अधूनमधून उठतात. नॉर्वेत २०१०मध्ये १०९ व्यावसायिक सायकलपटूंची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५८ टक्के लोकांची कंबर मागच्या वर्षभरात दुखली होती. पोटासाठी सायकल चालवणाऱ्यांची ही कथा, तर आपली का दुखू नये?

मात्र वाचकहो, एका बाबतीत माझ्यासारखे घरगुती प्रयोग करू नका. दुखणे पायात उतरून पाऊल उचलता येईनासे झाले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. सायकलवाल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. लांब फेरीनंतर सीटवर टेकणारा भाग थोडा वेळ बधिर होतो, आणि आपण ते हसण्यावारी नेतो. पण उतरल्यावरही तो बधिरपणा गेला नाही, आणि त्याबरोबर लघवीची तक्रार किंवा पायात अशक्तपणा असेल, तर तो सीटचा दोष समजून घरी बसू नका. मणक्यातल्या शिरांचा जुडगा दाबला गेला असेल तर वेळ फार थोडा असतो. तसेच कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यावर सुरू झालेली तीव्र कळ, रात्री झोपू न देणारे दुखणे, ह्यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल.

माझी कंबर आजही दुखते. आठवड्यातून एक-दोन दिवस, थंडीत जरा जास्त. वहीत दोन, कधी तीन. गेल्या हिवाळ्यात दीड वर्षानंतर वेरूळला जाऊन आलो. घाट सगळ्यात लहान गिअरवर चढलो आणि दोनदा उतरून मागे वाकलो. त्या वेळी रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या एका मावशींनी विचारले, "काय झालं बाबा, दम लागला का?" मी म्हटले, "नाही, कंबरेला विचारतोय, येतेस का म्हणून." त्यांच्याकडून दोन किलो दौलताबादचे पेरू घेतले. पूर्वी असले ओझे पाठीवरच्या पिशवीत टाकत असे. आता सायकलला मागे कॅरिअर बसवून घेतले आहे, ते त्यावर बांधले. घरी आलो तेव्हा सौभाग्यवती दारातच होत्या. या वेळी त्यांनी आधी कॅरिअरकडे पाहिले.

"पिकलेले आणलेत ना?" त्या म्हणाल्या.